सुलतानापुढे ताठ मानेचा कवी

माझ्या लेकीने पीएचडीसाठी जुनी तुर्की दरबारी कविता निवडली, तेव्हा सगळ्यांत नाराज झाले ते माझे बाबा. मी इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला आयटीत नोकरी करणारी. मला काळजी होती ती तिच्या नोकरीची. बाबांचा आक्षेप तत्त्वाचा होता. आमचं घर बौद्ध. तरुणपणी नागपुरात ते चळवळीच्या जलशांतून वस्त्यावस्त्यांत गायचे.

"आपण गाणी म्हटली ती माणसं जागी करायला," ते नातीला म्हणाले. "आणि तू सुलतानाच्या भाटांवर उमेदीची वर्षं घालवणार?"

"आजोबा, ते भाट नव्हता," ती म्हणाली. लंडनच्या पिनरमध्ये वाढलेली पोर. मराठीत लिंग-वचनाचा गोंधळ कायमचाच. बाबा हसले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात क्रॉयडनच्या एका लायब्ररीत तिचं भाषण होतं. बाबा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण ते कोट-टाय घालून सगळ्यांच्या आधी तयार होते. हॉलमध्ये बरीचशी तुर्की कुटुंबं होती. आजच्या बहुतेक तुर्कांना न वाचता येणाऱ्या जुन्या लिपीतून लेकीने एक कविता वाचली, आणि माझ्या शेजारच्या तुर्की आजीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

भाषण संपलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर बाबा उठले. मी त्यांची बाही ओढली, तरी ते बोललेच, तेही मराठीत. "राजाकडून मानाच्या वस्त्रांची खिलत घ्यायची, त्याच्या ताटात जेवायचं आणि त्याचीच स्तुती गायची. यात अभिमान वाटावा असं काय आहे?"

लेकीने शांतपणे प्रश्न इंग्लिशमध्ये सगळ्यांना सांगितला. मग म्हणाली, "हे माझे आजोबा आहेत. यांच्यामुळेच मला हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पडलाय."

हॉल हसला. बाबा उभेच.

"या स्तुतीच्या कवितेत एक भाग कवीचा स्वतःचा असायचा," ती सांगू लागली. "तिथे तो सुलतानाला ऐकवायचा, की माझ्यासारखं लिहिणारा दुसरा नाही, तुझं नाव टिकेल ते माझ्या शब्दांमुळे. यातले काही कवी कारागिरांच्या घरातून आलेले. कुणाच्या घरी जोडे शिवायचे. मोठ्या घराण्याचं नाव पाठीशी नाही, हातात फक्त भाषा. आणि तेवढ्यावर ते तख्तासमोर 'मी' म्हणत होते." मग बाबांकडे बघून मराठीत म्हणाली, "मला अभिमान राजाची नाही, आजोबा. त्या 'मी'ची आहे."

बाबांनी टाळी वाजवली, जलशात वाजवायचे तशी, हात वर करून. हॉलने ती उचलून धरली. पन्नाशी उलटलेली मी, भर हॉलमध्ये रडले.

तुर्की आजीबाईंनी बाबांना विचारलं, "युअर ग्रँडडॉटर?"

"येस," बाबा म्हणाले. "अँड इट वॉज माय क्वेश्चन."

त्यांनी सुलतानांना माफ केलेलं नाही. पण विहारात कुणी भेटलं की नातीचा विषय ते स्वतःच काढतात, आणि जोडे शिवणाऱ्या घरातला कवी सुलतानासमोर काय बोलला ते उभं राहून, खड्या आवाजात सांगतात.