फेसपॅक लावून दिलेलं मत

मैत्रिणींनो, आज मोताळ्याच्या पार्लरमध्ये अडकले. चेहऱ्यावर फेसपॅक, सुकेपर्यंत ओठ हलवायचे नाहीत. शेजारी सासूबाई.

विषय निघाला मालिकांच्या पुरस्काराचा. सर्वोत्कृष्ट सून कोण, यासाठी फोनवरून मत द्यायचं होतं.

पार्लरवाली ताई म्हणाली, "नोकरीवाली जिंकते पाहा काकू."

"काऊन वं?" सासूबाई म्हणाल्या. "जिनं घरासाठी नोकरी सोडली तेच खरी सून. आमच्या हिलेही तेच आवडते. इचार तिले."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. फेसपॅक अजून ओलाच होता.

"पाह्य, नाही म्हनली का?"

आणि सासूबाईंनी माझ्याच फोनवरून त्या नोकरी सोडणाऱ्या सुनेला मत देऊन टाकलं.

नंतर चेहरा धुतला, तोंड मोकळं झालं. तरी सोमवारी शाळेत माझा इंटरव्ह्यू आहे, हे काही सांगता आलं नाही.

तुम्ही नोकरीचं घरी कसं सांगितलं होतं?