उतार

भोरच्या कचेरीतले हेडक्लार्क, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो, त्यांचं आधी सांगतो. माझ्या हातून जे झालं ते नंतर. ते नसते तर मी आज कुठे असतो, हे मला ठाऊक आहे.

मी वऱ्हाडातला. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. रस्त्याच्या कामावर मजुरांची हजेरी लिहायला म्हणून एका मुकादमाबरोबर भोरला आलो. काम संपलं, मुकादम गेला, मी राहिलो. परत जाऊन काय करणार? घरी सांगून आलो होतो की सरकारी कामाला लागलोय.

त्या उन्हाळ्यात कचेरीत तीन कॉलेजची मुलं उमेदवार म्हणून यायची होती. विधानसभेत एका सभासदाने प्रश्न विचारला होता: भोर-वेल्हे भागातल्या एस.टी. गाड्या पावसाळ्यात बंद का होतात, आणि कोणत्या चालू ठेवता येतील? उत्तरासाठी गावोगावची माहिती गोळा करायची, तक्ता भरायचा आणि सुट्टीत सरकारी काम शिकायचं, अशी ती योजना. दोन मुलं आली, तिसरा फिरकलाच नाही. भाऊसाहेबांनी माझं अक्षर पाहिलं होतं. त्यांनी तिसऱ्याच्या जागी मला बसवलं. "कुणी विचारलं तर विद्यार्थी म्हण," ते म्हणाले. "शिकतोयसच की." ती दोघं मला 'सातवीचे प्रोफेसर' म्हणायची. मी हसायचो, पण कुणी साहेबांना सांगेल ही धास्ती असायची.

माझ्याकडे नसरापूरहून पालीकडचा भाग आला. पालीच्या अलीकडे एका नदीपाशी मी थांबलो. उन्हाळ्यात गाडी तिच्या कोरड्या पात्रातून सरळ पलीकडे जायची. तक्त्यात चढ, उतार, वळण असे रकाने होते. आमच्याकडे काळ्या मातीच्या उतारावर पावसात बैलगाडीसुद्धा घसरते, तेच माझ्या डोक्यात. काठावर एक म्हातारबाबा म्हशी घेऊन उभे होते. मी विचारलं, बाबा, पावसाळ्यात हितं उतार असतो का?

"पावसाळ्यात? न्हाई. हितं उतार न्हाई. अजाबात न्हाई."

मी खूश झालो. रात्री ते शुद्ध करून लिहिलं, कारण खेड्यातली भाषा विधानसभेत कशी जाणार: 'पात्राच्या दोन्ही काठांस उतार नसल्याने पावसाळ्यातही वाहन नेण्यास अडचण नाही.' या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. भाऊसाहेब तेव्हा मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. तक्ते थेट साहेबांकडे गेले, तिथून पुण्याला. तिथून हुकूम आला की मुंबईत उत्तर जाण्याआधी सोमवारपासून पालीची गाडी चालू ठेवून पाहावी.

भाऊसाहेब शनिवारी परतले. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. कचेरीतले कागद ओलसर झाले होते, शाई फुटत होती. त्यांनी माझ्या तक्त्याची नक्कल वाचली, पुन्हा वाचली, आणि मला जवळ बोलावलं. आवाज अगदी हळू होता.

"हे त्या म्हाताऱ्यानं सांगितलं? तुझे शब्द नकोत. त्याचे सांग."

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. ते इथलेच, उत्रोलीकडचे. एरवी कचेरीत पुस्तकी बोलायचे, पण तेव्हा गावचंच बोलले. "आरं, उतार म्हंजी नदी पायी पार करायची जागा. उतार न्हाई म्हंजी पार व्हताच येत न्हाई. त्यो तुला सांगत व्हता, हितं मानूस बुडतो."

 सोमवारची भरलेली गाडी डोळ्यांपुढे आली. ड्रायव्हरच्या हातात सरकारी कागद, आणि त्या कागदावर माझं वाक्य. भाऊसाहेबांनी पुण्याला फोन लावला. तार मुकी होती. डेपोत निरोप धाडला, तर तिथून उत्तर आलं की हुकूम वरचा आहे, वरूनच फिरला पाहिजे.

मग ते मला घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी तक्ता समोर धरला आणि विचारलं की हे कोणी लिहिलं. एवढंच. पागोळ्यांचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं. 'मी' म्हणालो असतो तर सातवी बाहेर निघाली असती, खोटा विद्यार्थी निघाला असता आणि मी वऱ्हाडच्या गाडीत बसलो असतो. मी तोंड मिटलं.

"मी लिहिलं, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "ह्यानं नुसती नक्कल केली."

रजेवरच्या माणसानं ते कधी लिहिलं, हे साहेबांनी विचारलं नाही. कदाचित त्यांनाही विचारायचं नसावं. भाऊसाहेबांनी दुरुस्तीच्या कागदावर त्यांची सही घेतली आणि ओल्या कपड्यांनीच पुण्याची गाडी धरली. रविवार मी कचेरीच्या पायरीवर काढला. नदीवर जायची हिंमत झाली नाही. सोमवारी सकाळी हुकूम फिरला. गाडी अलीकडच्या गावावरूनच परत आली. कंडक्टर सांगत होता, पुढे चालत जाऊन पाहिलं तर पाण्यात अख्खं बाभळीचं झाड गोल फिरत होतं.

पावसाळा सरायच्या आत भाऊसाहेबांच्या सेवापुस्तकात ताशेरा आला, बढती गेली आणि बदली झाली लांबच्या तालुक्याला. मला मात्र कॉलेजचा समजून त्याच कचेरीत कायम केलं. ते निघाले त्या दिवशी मी त्यांची वळकटी उचलली आणि म्हणालो की मी आता जाऊन साहेबांना खरं सांगतो.

"नको. तुला घरी धाडतील. मला नुसतं दुसऱ्या गावाला धाडलंय."

पुढे मी पुष्कळ उत्तरं लिहिली, पण लोकांचा शब्द कधी शुद्ध केला नाही. एवढ्यानं काही फिटत नाही. भाऊसाहेब, ते वाक्य माझं होतं. तुमच्या पुस्तकातला तो ताशेरा अजून तसाच आहे. माझ्या सहीनं, माझ्या सातवीसकट अर्ज करून तो खोडवून घेईन आणि तो कागद तुमच्या हातात आणून देईन. अजून धीर होत नाही. पण देईन.