पुलापलीकडचा परवाना

नोरीन हॅस्केट ही ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरीतली प्लंबर. धंदा वडिलांकडून शिकलेली, आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण परवाना न्यू साउथ वेल्स राज्याचा, म्हणजे मरे नदीवरच्या पुलापर्यंतच चालणारा. पलीकडे वोडोंगात व्हिक्टोरिया राज्याचा कायदा. तिथे तिची धाकटी बहीण आयव्ही राहते, आणि शेजारी मी.

एका जुलैत, ऐन थंडीत, आयव्हीची टाकी बंद पडली. आमच्या बाजूचा प्लंबर लेस क्विल्टी म्हणाला, नऊ दिवस थांबा. आयव्ही रोज टॉवेल घेऊन पूल ओलांडायची आणि बहिणीकडे अंघोळ करून यायची.

"हातात पाना असून मी नुसतं बघत बसायचं होय गं?" नोरीन चिडून म्हणाली. पण पाना तिने उचलला नाही. परवाना गेला असता.

त्याच सुमारास देशाची उत्पादकता का वाढत नाही, ते लोकांकडून ऐकायला कॅनबेराहून एक समिती आली. नोरीन कामाच्या बुटांनिशीच सभागृहात उभी राहिली आणि तिने आयव्हीच्या अंघोळींची हकिगत सांगितली. लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. परवाना दोन्हीकडे चालू केला, तर पलीकडचे प्लंबरही इकडे येतील, मग तुमचं नुकसान नाही का, असं त्यांनी विचारलं.

मागे तिचे धंदेभाऊ बसले होते. त्यांना हा बदल मुळीच नको होता. नोरीनने एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"होईल की. काही गिऱ्हाइकं दुसरं कुणी नाही म्हणूनच माझ्याकडे येतात. ती जातील."

धंदेभावांनी महिनाभर अबोला धरला. दोन वर्षांनी नियम बदलला आणि गिऱ्हाइकं खरंच गेली. तुंबलेल्या गटारांची कामं लेसने घेतली. त्याच्याकडे यंत्र चांगलं होतं. नोरीनचे सहा महिने ओढाताणीचे गेले. मग तिने गटारं सोडूनच दिली आणि दोन्ही गावांतल्या टाक्या धरल्या. लागतील ते सुटे भाग गाडीतच असायचे. पूर्वी दिवसाला दोन कामं उरकायची, आता चार होतात, तरी संध्याकाळी ती उजेडात घरी पोचते. गटाराचं गिऱ्हाईक आलं की ती लेसचा नंबर देते, टाकीचं आलं की तो तिचा.

गेल्या शुक्रवारी क्लबात आम्ही तिघं बिअर पीत बसलो होतो.

"तुझा धंदा मी खाल्ला, नोरीन," लेस म्हणाला.

"खा की," ती म्हणाली. "गटाराचाच होता."