दर दोन तासांनी

"एकेकाले पाहीन मी!" असं म्हणत ती पदर कमरेला खोचायची आणि लकवा झालेल्या सासूला कुशीवर वळवायची. धमकी धुळ्याच्या जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला असायची. हात मात्र म्हातारीच्या पाठीखाली इतके अलगद जायचे, की तिची झोप मोडत नसे.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास मी जळगावच्या एका दवाखान्यात नर्स होते, तिच्या शेजारी राहायचे. सहा वर्षं म्हातारी अंथरुणावर, आणि पाठीवर एक जखम नाही! अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. आपण तिला 'फार सोशिक हो' म्हणतो आणि पुढे जातो. ही सोशिक नव्हती. लक्षात ठेवणारी होती.

जेठ धुळ्याला साहेब. दिवाळीला यायचा, नाकाला रुमाल लावायचा. "खोलीत वास येतो. आईची आबाळ होतेय." तिचा नवरा मान खाली घालायचा.

एरंडोलला तिची आई अत्यवस्थ झाली तेव्हा तिनं जेठाला कळवलं, आठ दिवस सासूला न्या. उत्तर आलं, "सध्या घराचं बांधकाम चालू आहे." ती पोचली तेव्हा सारं संपलं होतं.

"तोंडात पाणीबी नाही घालता आलं, सिस्टर," एवढंच ती म्हणाली.

पुढं त्या घराची वास्तुशांत निघाली. तिनं मेटॅडोर ठरवली, सासूला गादीसकट उचललं, मलाही सोबत घेतलं. धुळ्यात पंगत बसलेली. जेठासमोर कधी तोंड न उघडणारी ती भर मांडवात म्हणाली, "भाऊ, आईले नव्या घरात आणलं. आता राहतील त्या इथंच!"

पाहुण्यांनी कौतुक केलं. जावेच्या हातातलं वरणाचं पातेलं कललं.

"दर दोन तासांनी कूस बदला," ती जावेला म्हणाली. "अन् वास येतो म्हणून उदबत्ती नका लावू, त्यांना ठसका लागतो."

परतताना पारोळा येईपर्यंत ती हसत होती.

अकराव्या दिवशी जेठ म्हातारीला घेऊन दारात उभा. दाढी वाढलेली. "आम्हाला नाही जमत."

तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. सासूला वळवलं आणि थबकली. कमरेवर तळहाताएवढी जखम.

"त्याच्यावर सूड उगवाले गेली मी," ती मला हळूच म्हणाली, "अन् उमटलं हिच्या पाठीवर."

वाटलं, आता ही नमेल. तिनं जेठाच्या हातात कापूस ठेवला.

"धुवा. सिस्टर दाखवतील. दर महिन्याला आठ दिवस येऊन सारं करायचं. नाही आलात, तर तुमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात खाट टाकीन."

त्यानं एका हातानं नाक दाबलं, दुसऱ्यानं कापूस भिजवला.

"नाक नका दाबू, भाऊ. तुमचीच आई आहे."

तो आला. म्हातारी जाईपर्यंत दर महिन्याला आला.

आता तीही नाही. मला ती आठवते, ती जेठाच्या पहिल्या पाळीच्या दिवशीची. जामनेरला बहिणीकडे निघाली होती, मी स्टँडवर सोडायला गेले होते. गाडी अजून हललीही नव्हती, आणि ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.