डबा उघडायचं हत्यार

आईला घेऊन आचऱ्याच्या घरातून निघाले तेव्हा गाऱ्हाणं घालायला घरात पुरुष नव्हता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मग आईनेच देवापुढे विडा ठेवला, पट्टी बांधलेला उजवा हात डाव्या हाताने धरला आणि बोलायला लागली. शेजारपाजारचे चार जण ओटीवर उभे होते.

"बा देवा म्हाराजा, लेकीवांगडा परमुलखाक जातंय. वाटेत राखण कर. आणि जेणा माझो हात तोडलो, तेचो हात झडान जावंदे."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. राखणीला सगळे म्हणाले. हाताला मी एकटीच म्हणाले, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, कारण ज्याचा हात झडायचा होता तो माझा सख्खा काका जामिनावर सुटून हद्दीच्या दगडी गडग्यापलीकडे झावळ्या ओढत होता. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

गाव सोडलेल्या सगळ्यांच्या आठवणीत निघताना डोळे पुसणारी माणसं असतात. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्याही वाट्याला ती आली होती. बाबा 'पोटाक खा आणि फोन कर' एवढंच म्हणून आत निघून गेले होते. ह्या वेळी कुणी रडलं नाही. मला गाडीत बसताना एवढंच वाटत होतं, की उतरावं, गडग्याचाच एक चिरा उचलावा आणि काकाच्या टाळक्यात घालावा. हे लिहिताना लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटत.

झालं होतं ते एका नारळावरून. आमच्या आणि काकाच्या हद्दीवर एक वाकडा माड आहे. मूळ आमच्यात, शेंडा त्यांच्यात. आजोबांच्या वाटणीपासून त्याच्यावरून शिव्याशाप चालू आहेत. त्या दिवशी नारळ पलीकडे पडला आणि आई तो आणायला गेली. काकाच्या हातात कोयता होता, कारण कोकणात सकाळी पुरुषाच्या हातात कोयता असतोच. त्याने शिवी दिली, तिने दिली. मग त्याने कोयता उगारला. आईने हात मधे घातला म्हणून मान वाचली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तिथेच नारळाजवळ पडली. गाव म्हणालं, रागाच्या भरात झालं, घरातली गोष्ट घरात मिटवा. बोटं कुणाच्या घरातली होती ते मात्र कुणी बोललं नाही.

मी राहते ते थंडर बे हे कॅनडातलं गाव एका प्रचंड तळ्याच्या काठी आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, मासे मिळतात. आईने पहिल्याच दिवशी बोट बुडवून चाखलं आणि मीठ नसलेलं पाणी थुंकून टाकलं. इथे नारळ मिळतो, पण दुकानात पोचेपर्यंत आतून खवट झालेला असतो. त्यामुळे आमचं सगळं रांधप डब्यातल्या नारळाच्या दुधावर. मी इतकी वर्षं तसंच जेवत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आईला वाटलं. मी दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत असते आणि ती घरात एकटी. एका हाताने मासे साफ करायला ती शिकली, भात तर करतच होती. पण आमटी डब्याशी येऊन अडायची. डबा उघडायचं यंत्र एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं असतं, आणि तिच्या उजव्या हाताला पकडच नाही. सकाळी डबा उघडून फ्रिजमध्ये ठेवून गेले तर ती त्याला शिवायची नाही. तसं आजारी माणसाला देतात, म्हणायची.

त्यातच दर रविवारी काकीचा फोन. ज्या माणसाने हात तोडला त्याची बायको गोड आवाजात म्हणायची, "वयनी, खोबरा मी तुमका खोवन देतंय. तुमी फक्त येवा, आणि कोर्टात जा काय ता मिटवा." आई तिला हो म्हणायची नाही, पण नाहीही म्हणायची नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायची. ती परत गेली तर त्या गडग्याला लागून, त्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहणार होती.

म्हणून मी यंत्रांच्या मागे लागले. लोक मोबाईल घेताना करत नाहीत एवढा विचार मी डबा उघडण्याच्या यंत्राचा केला. पहिलं दोन दांड्यांचं घेतलं. आई एक दांडी काखेत धरून दुसरी फिरवायला गेली, ते निसटलं आणि पत्र्याची कड तिच्या थोटकावर घासली. मग बॅटरीवर चालणारं आणलं, डब्यावर ठेवून कळ दाबली की आपलं आपण फिरणारं. ते आठवडाभर फिरलं आणि एक दिवस डबा अर्धा कापून मधेच मेलं, दात डब्यात तसेच रुतवून. मी ते डब्यासकट फरशीवर आपटलं. दूध भिंतीवर उडालं, प्लॅस्टिकचे तुकडे झाले, आणि मला जरा बरं वाटलं. ह्या अनुभवावरून सांगते, प्लॅस्टिकचं काहीही घेऊ नका. मूठ पोलादी, चाकाचे दाते जाड, आणि सुटे भाग जितके कमी तितकं बरं.

आईने माझ्या यंत्रांचा नाद सोडला आणि बॅगेतून आडाळो काढला. आडाळो म्हणजे लाकडी पाटाला पातं आणि टोकाला खवणी असलेली आमची थोरली विळी. ती घेऊन येऊ नको म्हणून मी किती सांगितलं होतं. आता आई फरशीवर बसली, पाट पायाखाली दाबला, डावा हात डब्याभोवती आवळला आणि नारळ आपटावा तसा डबा पात्यावर आपटला. नारळ घाव बसला की दुभंगतो. डबा दुभंगत नाही, घसरतो. पातं तिच्या धडक्या हाताच्या तळव्यात शिरलं. मी धावत आले तेव्हा डब्याच्या चिरेतून दूध वाहत होतं आणि त्यात रक्त मिसळून त्याला सोलकढीचा रंग आला होता. मी किंचाळले, शिव्या घातल्या, तिला, विळीला, काकाला, त्या माडाला. तिने फक्त पदर तळव्याभोवती गुंडाळला.

इस्पितळात टाके घालणाऱ्या बाईंनी तिचे दोन्ही हात बघितले आणि मला बाहेर जायला सांगितलं. मग फोनवर हिंदी बोलणारा माणूस घेऊन तिला विचारलं, घरी तुम्हाला कुणी मारतं का? ते आईने मला गाडीत सांगितलं. मला राग आला, कारण संशय माझ्यावर होता. आईला राग आला नव्हता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतक्या दिसात माका ह्या कोणी विचारूक नाय."

पण टाके निघाल्यावर तिने तिकीट काढायला सांगितलं. "तुझा घर बरा आसा गो. पण हय डबो उघडूकसुद्धा दुसऱ्याची वाट बघूची लागता." मी म्हटलं, तिथेही नारळ तुला फोडता यायचा नाही, त्याच्याच बायकोच्या हातचं खोबरं खाशील का? तेव्हा तिने हातातलं भांडं माझ्या दिशेने फेकलं. ते दाराला लागलं. दाराला अजून पोचा आहे.

भांडण असं शिगेला पोचलेलं असतानाच आम्ही तिच्यासाठी थंडीचा कोट बघायला एका जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. कोट राहिला बाजूला. आई एका फळीसमोर थांबली. तिथे डबे उघडायचं, भिंतीला ठोकायचं जुनं, काळपट पोलादी यंत्र होतं, वर दांडा, खाली चाक, बाजूला फिरवायची मूठ. तिने दांडा खाली दाबून बघितला, मूठ फिरवली, पुन्हा फिरवली.

"पाता हलूक नको गो," ती म्हणाली. "नारळ हलूक व्हयो."

मी इतके दिवस उलटा विचार करत होते. मी आणलेल्या सगळ्या यंत्रांत डबा जागेवर आणि पातं त्याच्याभोवती फिरायचं. विळीत पातं जागेवर असतं आणि फिरतो तो नारळ. तिच्या हातांना तेवढंच माहीत होतं, आणि ह्या यंत्रातही तसंच होतं.

ते मी ओट्याजवळच्या भिंतीत, आतल्या लाकडात लांब स्क्रू घालून बसवलं. आईने डबा थोटक्या हाताने छातीशी धरून चाकाखाली सरकवला आणि दांड्यावर सगळं अंग टाकलं. पत्रा फुटल्याचा आवाज झाला. यंत्राने डबा आपला आपण धरून ठेवला. ती डाव्या हाताने मूठ फिरवत राहिली, दात ओठ खाऊन, आणि तिला त्या पत्र्याच्या जागी काय दिसत होतं ते मला विचारावं लागलं नाही. झाकण सुटलं तसं तिने यंत्राला धरून हिसका दिला, पुन्हा दिला. ते हललं नाही.

"ह्या बरा," ती म्हणाली. "हेका कोण उपटून माझ्या अंगार येवचो नाय."

रविवारी काकीचा फोन आला. आईने तो स्पीकरवर ठेवला, कारण डावा हात यंत्राच्या मुठीवर होता. काकीने खोबऱ्याचं म्हटलं, कोर्टाचं म्हटलं, मग रडली. आईने तिला रडू दिलं. मूठ फिरवायची थांबली नाही.

"साक्ष देवक येतलंय," ती म्हणाली. "रवाक नाय."

राहायला नाही, हे ऐकताच पलीकडून फोन कापला गेला.

आचऱ्यात राहिलेल्यांना हे कळेल तेव्हा ते मला नावं ठेवतील, की लेकीने म्हातारीला घरापासून तोडलं. ठेवोत. तुटलं काय आणि कुणी तोडलं, हे न्यायाधीशासमोर आईच सांगणार आहे. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, तेही घर कुठे आहे ते विचारत असतात. तिथलं घर कुलपात आहे. साक्षीला जाऊ तेव्हा उघडू, झाडून घेऊ, परत कुलूप लावू.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून दमून, भुकेने कावून आले. ओट्यावर रिकामा डबा धुऊन पालथा घातलेला होता. आमटीचं भांडं झाकलेलं, त्यातली निम्मी संपलेली. आई माझी वाट न बघता जेवली होती आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच दाराला कडी न लावता गाढ झोपली होती.