अडतीस पायऱ्यांचा इमारत निधी

माझी आत्या एकतीस वर्षं शाळेत कारकून होती. मुलांच्या हजेऱ्या तिच्या ताब्यात असत, म्हणून चर्चमध्येही सगळे तिला हजेरीबाईच म्हणतात. ती रागावत नाही. कोण किती रविवार आलेलं नाही, हे तिला पाठ असतं.

आमचं चर्च म्हणजे छापखान्याच्या वरचा भाड्याचा हॉल. अडतीस पायऱ्या, आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा जिना. आत्याचे गुडघे फार तर दोन वर्षं जिने चढतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण एक्स-रे आणायला मी गेले होते. बाकीच्यांना ती सांगे, "कुरकुरतात जरा. दारं नाही का कुरकुरत?"

म्हणून स्वतःची जागा घेऊन चर्च बांधायचं ठरलं आणि इमारत निधी सुरू झाला, तेव्हा सगळ्यांत आधी कामाला लागली ती आत्या. पाळकसाहेबांनी औदार्यावर लागोपाठ तीन प्रवचनं दिली. किती देणार तो आकडा लिहायच्या वचनचिठ्ठ्या वाटल्या गेल्या. लोकांनी त्या भक्तिभावानं गीतांच्या पुस्तकात ठेवल्या, आणि त्या तिथेच राहिल्या.

आत्यानं प्रवचन दिलं नाही. ती फक्त दर रविवारी सगळ्यांच्या पुढे जिना चढू लागली. मागे सगळी मंडळी खोळंबलेली. वयस्कर बाईला ओलांडून जाणार कोण, आणि जाणार कुठून? वळणावर ती दम खायला थांबे, मागे वळे आणि खालच्या पायरीवरच्याला विचारी, "तुझी चिठ्ठी?"

"देतो ना बाई, पुढच्या महिन्यात."

"दे की. मला कुठे घाई आहे?"

मागून मंडळीतला औषधवाला म्हणे, "अरे भर बाबा एकदाची. वर गायकांचं पहिलं गीत संपत आलं."

मग पेन निघे. पुढच्याच्या पाठीवर कागद टेकवून आकडा लिहिला जाई. "इमारत काही माझ्यासाठी नाही हो," आत्या प्रत्येकाला सांगे, "तुमच्या पोराबाळांसाठी आहे."

आठ महिन्यांत हव्या तेवढ्या रकमेची वचनं जमली. पाळकसाहेबांनी पवित्र आत्म्याचे आभार मानले. जिन्याचा उल्लेख राहून गेला.

मग एका रविवारी उपासनेनंतर खजिनदारांनी भिंतीवर नकाशा लावला. खाली भाड्यानं द्यायला दोन दुकानं, वर उपासनेचा हॉल. समितीनं आर्किटेक्टला एकच सूचना दिली होती : आहे तसंच, पण आपलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना "वर येताय ना?" असंच विचारत आलो होतो. चर्च खालीही असू शकतं, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"आणि जिना मुद्दाम रुंद घेतलाय," खजिनदार आत्याकडे बघून हसले. "तिघं शेजारी शेजारी चढतील. आता कुणी कुणाच्या मागे अडकणार नाही."

सगळे हसले. आत्याही हसली. मग म्हणाली, "हॉल खाली नाही घेता येणार?"

"आणि दुकानं देवाच्या डोक्यावर?"

"वर गच्ची ठेवा."

"मग भाड्याचं काय, बाई? पोरं पळत चढतील. इमारत त्यांच्यासाठीच आहे ना?"

आत्या खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवून उठली. उठायला वेळ लागला, आणि या खेपेला तिनं तो लपवला नाही.

"मला चढवत नाही आता," ती म्हणाली. "पोराबाळांचं नुसतं नाव होतं. इमारत मलाच हवी होती."

"आधी नाही का सांगायचं?" पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"स्वतःसाठी माझ्याच्यानं मागवलं नसतं."

मत घेतलं, हात वर झाले. नकाशावर हॉल खाली आला, दुकानं गेली. खजिनदारांनी तिथल्या तिथे आकडेमोड केली : भाडं नाही, म्हणजे वचनं दीडपट हवीत आणि बांधकाम वर्षभर पुढे. "म्हणजे पुन्हा चिठ्ठ्या," असं म्हणून ते थांबले. सगळी खोली आत्याकडे बघत होती. डॉक्टरांच्या दोन वर्षांतले आठ महिने केव्हाच खर्ची पडले होते.

त्या दिवशी उतरताना खजिनदार नेमके आमच्या मागे होते. वळणावर आत्या थांबली, कठडा धरून वळली आणि तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्यापासून सुरुवात करू या," ती म्हणाली. "दीडपट म्हणालात ना?"