मग काय होतं?

उजागरे मॅडमनी मला पहिल्या दिवशी चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशीही दिला नाही. चहा ऑफिसचा, साखर ऑफिसची, करणारा माणूसही ऑफिसचा. पण थर्मास मॅडमच्या टेबलावर आणि त्याचं झाकण मॅडमच्या हाताखाली. "शेवटापर्यंत पोचलास की चहा," असा त्यांचा नियम होता. शेवट म्हणजे कशाचा, हे आम्हाला कळायला बरेच दिवस लागले.

"झावरे, उठ. आपलं सॉफ्टवेअर काय करतं?"

मी उठलो, शर्ट नीट केला आणि विकायच्या आवाजात म्हणालो, "दूध संकलन केंद्राचा संपूर्ण कारभार एका क्लिकवर!"

"क्लिक केलं. मग काय होतं?"

"बिल निघतं."

"कुठून निघतं?"

"कॉम्प्युटरमधून."

"कॉम्प्युटरमध्ये ते कुठून आलं?"

मी ठुब्याकडे पाहिलं. ठुबे माझा जोडीदार. दोस्ताला वाऱ्यावर सोडणाऱ्यांतला नव्हे. तो म्हणाला, "मॅडम, सगळं क्लाउडवर असतं," आणि त्याने बोट वर केलं.

मॅडमनी मान वर करून नीट पाहिलं. "वर पंखा आहे," त्या म्हणाल्या. "बसा दोघं."

आमची कंपनी म्हणजे नगरला सावेडीत एका दवाखान्याच्या वरचा मजला. आतल्या खोलीत प्रोग्रॅमर, बाहेरच्या खोलीत आम्ही विकणारे, आणि एसीचा गारवा जाऊ नये म्हणून मधलं दार कायम बंद. आतल्यांना वाटायचं बाहेरचे थापा मारतात. बाहेरच्यांना वाटायचं आतले झोपा काढतात. दोघांचंही फारसं चुकत नव्हतं. मी ह्याआधी पाणी गाळायची यंत्रं विकायचो, ठुबे विमा विकायचा. सॉफ्टवेअर विकायला लागल्यावर आम्ही फक्त बॅगेतले कागद बदलले. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी आमचं एकच उत्तर असायचं: होऊन जाईल. मेसेज जाईल का? होऊन जाईल. जुना हिशेब आपोआप चढेल का? होऊन जाईल. एका केंद्रवाल्याने ठुब्याला विचारलं, दुधात पाणी घालणाऱ्याचं नाव स्क्रीनवर येईल का? ठुबे त्यालाही होऊन जाईल म्हणाला, आणि ते गिऱ्हाईक वर्षभर पाणी घालणाऱ्यांच्या नावांची वाट बघत बसलं.

अशी गिऱ्हाइकं परत जायला लागली तेव्हा आमचे मालक संदीप सर एका सकाळी म्हणाले, दिवाळीपर्यंत एक मोठं गिऱ्हाईक आणा, नाहीतर हा मजला सोडून सगळा कारभार पुण्याला नेतो. आतल्या खोलीतल्यांना आनंद झाला. त्यांना पुण्यालाच जायचं होतं. पण पुण्यात विकणारे काय कमी आहेत? तिथे झावरेला कोण विचारतो! माझी बायको पारनेर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर, वडील सुप्यात आजारी. मला नगर सोडून जाणं शक्य नव्हतं आणि नगरात दुसरं कुणी मला दारात उभं करणार नव्हतं. सांगायला लाज कसली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मोठं गिऱ्हाईक आणायचं सोडून संदीप सरांनी उजागरे मॅडमना आणलं. कॉम्प्युटरच्या नादी लागण्याआधी सरांनी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला होता, आणि तिथे मॅडम त्यांच्या शिक्षिका होत्या. बत्तीस पोरं आणि एक बाई असा तो वर्ग, आणि घाबरून असायची ती पोरं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि पर्समध्ये रुमालाशेजारी वायरमनचा टेस्टर. स्कूटी इतकी सावकाश चालवायच्या की सायकलवरची पोरं त्यांना मागे टाकून जाताना "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून घ्यायची. उजवीकडे वळायचं असलं की चौक दिसायच्या आधीच त्यांचा हात बाहेर यायचा.

"मला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही," हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. मग त्या प्रोग्रॅमरांच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांना विचारत राहिल्या, मग काय होतं? एक जण रजेवर गेला. दुसऱ्याने तीन पानी आकृती काढून दिली. मॅडमनी ती उलटी धरून वाचली आणि तिच्यात एक चूक काढली. ती चूक नव्हती हे नंतर कळलं. मॅडमना ते सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

"वायर धरून चल," त्या म्हणायच्या. "बटणापासून निघायचं आणि खांबापर्यंत जायचं. मध्येच सोडलीस तर शॉक बसतो. तुला नाही बसत, गिऱ्हाइकाला बसतो."

त्यांचा दुसरा नियम ऐकून ठुब्याचा चेहरा उजळला होता. "माहीत नाही हे उत्तर आहे. त्याला चहा मिळेल. होऊन जाईल हे उत्तर नाही." ठुब्याने लगेच प्रत्येक प्रश्नाला माहीत नाही म्हणायला सुरुवात केली आणि तो आठवडाभर फुकट चहा प्याला. शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आता आठवड्याची उत्तरं आण. विचारून ये." मग ठुबे आतल्या खोलीत इतके हेलपाटे घालायला लागला की मधलं दार बंद करायचं सगळ्यांनी सोडूनच दिलं. एसीचं बिल वाढलं. संदीप सरांनी ते भरून टाकलं.

ठुब्याशी त्या जरा जास्तच कडक वागायच्या, हे मात्र मी म्हणेन. बिचाऱ्याला चारचौघांत "विमावाले" म्हणून हाक मारायच्या. त्याने विमा विकायचं सोडून किती दिवस झाले होते!

हळूहळू आम्हाला शब्द यायला लागले, आणि तिथेच माती खाल्ली. नवी मोटारसायकल घेतलेल्याला किराणा आणायलाही फिरून जावंसं वाटतं, तसं माझं झालं. पारनेरच्या एका केंद्रवाल्याला मी डेटाबेस, सर्व्हर, बॅकअप असं भरपेट ऐकवलं. तो भला माणूस. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लई भारी हाय. बरं, येतो मी, धारा काढायच्यात." दुपारचे दोन वाजले होते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "तू शब्द पाठ केलेस. वायरीला रंग दिला म्हणून तिच्यात करंट येत नाही. उद्या पहाटे केंद्रावर जा आणि दूध घे."

"घे म्हणजे?"

"घे म्हणजे घे. दूध घेणाऱ्याच्या जागी उभा राहा. विकायचं नाव काढू नकोस."

म्हणून मी पारनेरजवळच्या एका केंद्रावर पहाटे जाऊन दूध घेतलं. किटलीतलं दूध काट्यावरच्या भांड्यात ओतायचं, चमचाभर नमुना फॅटच्या मशीनला द्यायचा, भांडं मोठ्या कॅनमध्ये रिकामं करायचं, की पुढचा माणूस. रांग लागलेली, प्रत्येकाला घाई. मी भांडं उचललं तेवढ्यात एका म्हातारीने माझं मनगट धरलं. "ए दादा, आदी आकडा दाव. आकडा दावल्याबिगर वतू नको." मी आकडा दाखवला. तिने तो मान तिरकी करून पाहिला आणि मनगट सोडलं. मला तेव्हा ती म्हातारी संशयी वाटली. मॅडमना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "नीट ध्यानात ठेव."

दसऱ्याच्या सुमारास आण्णांचा फोन आला. पारनेर तालुक्यात गावोगाव ज्यांची संकलन केंद्रं आहेत असे ते आण्णा. ते मिळाले तर सावेडीचा मजला राहणार, नाहीतर सामान टेम्पोत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुपा रोडवर त्यांच्या ऑफिसात डेमो ठरला. गाडीत संदीप सर मॅडमना हात जोडून म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही फक्त बसा."

"बसते की," मॅडम म्हणाल्या, आणि आण्णांच्या ऑफिसात त्या विजेच्या बोर्डाशेजारची खुर्ची बघून बसल्या.

मी बोलायला लागलो. खरं सांगतो, छान बोलत होतो. आण्णा मान डोलावत होते. काटा जोडलेला, फॅटचं मशीन जोडलेलं, मी नमुना दिला, भांडं कॅनमध्ये रिकामं केलं आणि 'सेव्ह'च्या बटणाकडे बोट नेलं. तेवढ्यात खट्ट आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. पंखाही.

मॅडमनी मेन स्विच खाली ओढला होता.

"मॅडम!" संदीप सर ओरडले.

"तुमच्याकडे लाईट जाते ना हो?" मॅडमनी आण्णांना विचारलं.

"जाती की. दिसातून चारदा जाती."

"आणि इन्व्हर्टर?"

"हाय. पूजा करतो त्याची. चालत न्हाई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "झावरे. लाईट गेली. मग काय होतं?"

"ही नोंद जाते, मॅडम. सेव्ह व्हायची राहिली होती."

"मग काय होतं?"

"परत माप घ्यायचं."

"कशाचं?"

मी भांड्याकडे पाहिलं. भांडं रिकामं होतं. दूध कॅनमध्ये. केंद्रावर ते बाकीच्या पन्नास जणांच्या दुधात मिसळलेलं असतं. परत माप कशाचं घेणार, कपाळाचं? माझ्या मनगटावर मला त्या म्हातारीची पकड जाणवली. होऊन जाईल हे शब्द अगदी ओठावर आले होते. इतकी वर्षं त्यांनीच पोसलं होतं मला. संदीप सर डोळ्यांनी सांगत होते, बोल, बोल काहीतरी.

"माहीत नाही, आण्णा," मी म्हणालो. "आज आमच्याकडे ह्याला उत्तर नाही. त्या माणसाचं दूध जाईल आणि तो तुमच्या दारात येईल."

आण्णांनी आत तोंड करून हाक मारली, "च्या टाका रे." आणि आम्हाला म्हणाले, "बरं. इचार करू."

आपल्याकडे 'विचार करू' म्हणजे काय, ते कुणाला सांगायला नको. परतताना गाडीत माझ्या डोळ्यांपुढे आमचं सामान टेम्पोत चढत होतं. मॅडम पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून खात होत्या. मला त्यांचा संताप आला होता, अगदी मनापासून. उतरताना मी बोललोच, "माझी नोकरी गेली, मॅडम."

"चहा मिळाला का नाही?" त्या म्हणाल्या. "आता उत्तर आण. विचारून ये."

दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत गेलो आणि प्रोग्रॅमरांना दूध कसं घेतात ते टेबलावर तांब्या आणि बादली ठेवून दाखवलं. त्यांच्यातल्या कुणीही आयुष्यात संकलन केंद्र पाहिलं नव्हतं. नोंद साठते शेवटी आणि दूध ओतलं जातं तिच्याआधी, हे त्या म्हातारीला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. प्रोग्रॅमरांनी 'सेव्ह'चं बटणच काढून टाकलं. मशीनने आकडा दाखवला की नोंद त्याच क्षणी साठायला लागली. मी स्क्रीन दूध घालणाऱ्याच्या बाजूला फिरवून घेतला. आणि केंद्रासाठी नियम केला, आकडा दिसल्याशिवाय भांडं उचलायचं नाही. मध्येच लाईट गेली तर दूध भांड्यातच असेल, परत मापता येईल.

मी आण्णांकडून पुन्हा वेळ मागून घेतली. मॅडम ह्या वेळी आल्या नाहीत. "मी कशाला? वायर तुझ्या हातात आहे," म्हणाल्या.

आण्णांपुढे मी नमुना दिला, आकडा आला, आणि मी स्वतः उठून मेन स्विच खाली ओढला. बंद पंख्याखालून आण्णांचा आवाज आला, "व्हय रं, मग काय हुतं?"

मी बटणापासून निघालो आणि खांबापर्यंत गेलो. आण्णा मध्ये मध्ये विचारत राहिले, मी सांगत राहिलो. एका जागी माहीत नाही म्हणालो, उद्या विचारून सांगतो म्हणालो. शेवटी त्यांनीच उठून स्विच वर केला. "लावा सगळ्या केंद्रांवं," ते म्हणाले. "फकस्त एक अट हाय. त्या बाईसाहेब आमच्या पोरांना शिकवाया पाठवायच्या."

मजला राहिला. दिवाळीच्या आधी मॅडम स्कूटीवरून सुप्याकडे जाऊ लागल्या. किती वाजता निघत असतील, देव जाणे. आण्णांची पोरं त्यांना तशीच भ्यायची, आणि चहाचा थर्मास तिथेही त्यांच्याच टेबलावर असायचा.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. मी भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या, खूप बारीक झाल्या होत्या. डॉक्टर त्यांना पुढच्या उपचारांचं सांगून नुकतेच गेले होते.

"डॉक्टर चांगला आहे," मॅडम म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"हे इंजेक्शन देऊ म्हणाला. मी विचारलं, मग काय होतं? मग ते तपासू म्हणाला. मग काय होतं? असं करत करत गेलो शेवटापर्यंत. तिथे तो म्हणाला, माहीत नाही, मॅडम." त्या समाधानाने हसल्या. "होऊन जाईल म्हणाला नाही. चांगला आहे."

मला रडू आवरलं नाही. त्यांनी मला डोळे पुसायला रुमाल दिला आणि रुमालाबरोबर चुकून टेस्टरही हातात आला. तो परत घ्यायला त्या विसरल्या नाहीत.

त्यांना निरोप द्यायला चर्च भरलं होतं. वायरमन झालेली कितीतरी पोरं होती, आता केस पिकलेली. आण्णा फेटा मांडीवर घेऊन बसले होते. पाळकांनी चांगलं भाषण केलं. आपली भगिनी प्रभूच्या घरी गेली आहे, म्हणाले, आता तिथे तिला विसावा आहे. ठुबे माझ्या शेजारी होता. त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं.

माती देऊन आम्ही सगळे मॅडमच्या घरी आलो आणि अंगणात उभे राहिलो. स्कूटी भिंतीला लावलेली होती. ठुबे माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "झावरे, मग काय होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात मॅडमची शेजारीण ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिने आम्हा दोघांच्या हातांत चहा दिला.